आधी कान, मग कंबर

मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाच दिवसांची कार्यशाळा, रोज सहा तास अरबी नाच, समोर जिवंत वाजवणारे चार वादक, आणि दुसऱ्याच दिवशी तू रडकुंडीला आलीस. 'नाच बसवून देतच नाहीत, नुसतं ऐका म्हणतात, पैसे वाया गेले का?' नाही गेले. उरलेले तीन दिवस वही भरत बसलीस, तर मात्र जातील.

आधी ऐक. ठेका पकडायचा तर दुम (खोल, घुमणारा) आणि तक (काठावरचा, टणक) एवढेच दोन बोल पुरेत. मकसूम, बलदी, सईदी हे तिन्ही ठेके चार मात्रांचे, म्हणून तुझा गोंधळ होतो. दोन दुम लागोपाठ सुरुवातीलाच आले तर बलदी, मधे आले तर सईदी, सुरुवातीला एकच दुम, लगेच तक, आणि दोन दुम लागोपाठ कुठेच नाहीत तर मकसूम. हे कागदावर लिहून काही होत नाही, मांडीवर हात मारत बस. (वाजवणारा 'तबला' म्हणाला तर गोंधळू नकोस, इजिप्तमध्ये दरबुक्याला, म्हणजे या नाचातल्या पेल्याच्या आकाराच्या ढोलाला, तबलाच म्हणतात.)

आता माझं ऐक. अशा पहिल्या कार्यशाळेला मी एक नाच रेकॉर्डिंगवर घोटून, पाठ करून गेले होते. शेवटच्या संध्याकाळी प्रत्येकीला पाच मिनिटं मिळाली. बलदी नावाच्याच शैलीतलं तक्सीम, म्हणजे वादकाने त्या क्षणी सुचेल तसं वाजवणं, सुरू झालं. त्यात सुरुवातीला अकॉर्डियन एकटं चालतं, ठेका नसतो. वाजवणारा एका सुरावर थांबला. थांबूनच राहिला. मी मनात आठ मोजले आणि वळले. तो अजून तिथेच. मग तबला हळूच प्रश्नोत्तरं करत आत आला, तेव्हा माझ्या ठरलेल्या हालचाली संपत आल्या होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वादकाने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी नाच बसवून देणं बंद केलं. बऱ्याच मुली सोडून गेल्या. हट्टी म्हणतात मला, म्हणोत. बसवलेला नाच वाईट, असं मी कधीच म्हटलं नाही. महमूद रेदांच्या मंडळाने १९५९ पासून इजिप्शियन लोकनृत्य रंगमंचावर आणलं ते बसवूनच. पण तिथे वाद्यवृंद आणि नाच एकमेकांना धरून चालायचे. इथे अकॉर्डियनवाल्याला स्वतःलाच ठाऊक नसतं पुढच्या क्षणी कुठे जायचंय, मग तुला आधीच कसं ठाऊक असेल? सांग ना.

इजिप्तची गायिका उम्म कुलसुम, तिच्या मैफली रेडिओवरून अख्खं अरब जग ऐकायचं. एक ओळ ती पुन्हा पुन्हा घ्यायची, प्रत्येक वेळी वेगळी. श्रोत्यांना 'तरब', म्हणजे गाण्याची धुंदी, चढायचा तो त्या वेगळेपणातून. आता सांग, अशा ओळीवर मोजून ठेवलेली गिरकी कुठे टाकशील?

म्हणून, पुन्हा सांगते, आधी ऐक. कानून (मांडीवर घेऊन छेडायचं तंतुवाद्य) थरथरतो तेव्हा कंबरेचा थरथराट आपसूक सुचतो. नाय, म्हणजे बोरूची बासरी, वाजत असताना कंबर झटकू नकोस, तिथे श्वास आहे, हात आणि छाती पुरे. बयाती किंवा रास्त मकामात (मकाम म्हणजे आपल्या रागासारखी अरबी स्वररचना) काही सूर पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधे पडतात. ते तुला 'बेसूर' वाटले असं तू लिहिलंस. तुझा कान अजून पियानोचा आहे. चार दिवसांनी वाटणार नाहीत.

रागावू नकोस. मी जरा चढ्या आवाजात लिहितेय, कारण तुझ्या पत्रात मला मीच दिसले, आणि ती मला फारशी आवडत नाही.

उद्या आरशासमोर उभी राहू नकोस, तबलावाल्याच्या जवळ जा. पहिलं तक्सीम जागच्या जागी उभं राहून ऐक, सगळ्या हलल्या तरी. मधल्या सुट्टीत त्याच्याकडे जाऊन बलदी अगदी सावकाश वाजवून मागायला लाजू नकोस. मी त्या रात्री अकॉर्डियनवाल्याकडे गेले नाही. सामान आवरलं आणि निघाले. त्या सुरावर तो इतका वेळ का थांबला होता, ते विचारायचं राहूनच गेलं.

कार्यशाळा संपली की लिही. त्यांनी काय वाजवलं ते आधी, तू काय नाचलीस ते नंतर.

तुझी,
ताई