मान्सून गेला म्हणजे मोकळं झालो असं समजू नकोस भावा

नवीन बोट घेतलीस, मस्त, पण ऑक्टोबर ते डिसेंबर अरबी समुद्रात वादळं होतात हे डोक्यात ठेव. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग आणि मुंबईच्या मधे किनाऱ्याला लागलं होतं, ओखी तर डिसेंबरात आलं (२०१७). विंडी (हवामानाच्या अंदाजाचं ॲप) बघ, पण एकाच मॉडेलवर जाऊ नकोस, युरोपियन आणि जीएफएस (अमेरिकन) दोन्ही लावून बघ, दोघांचं जमत नसेल तर मी तरी अलिबागजवळच्या मांडव्याच्या पुढे जात नाही. शेवटचा शब्द हवामान खात्याच्या बुलेटिनचा. आणि वादळाच्या अंदाजाच्या नकाशात जो कोन (शंकूसारखा पट्टा) दिसतो ना त्याच्या बाहेर आहोत म्हणजे सेफ, हा गैरसमज काढून टाक, कोन फक्त वादळाचं केंद्र कुठे जाईल तेवढंच सांगतो. २०१९ च्या दिवाळीत क्यार भर समुद्रात लांब होतं तरी कोकणात समुद्र खवळलेलाच. म्हणून इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) लाटांचा अंदाज वेगळा बघायचा, उंचीबरोबर पिरियड (एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते) पण, १२-१४ सेकंदाची लाट आली की वारा नसतानाही जेट्टीला बांधलेली बोट अशी हिसके देते की दोर करकरतो. लक्षद्वीपजवळ कमी दाबाचा पट्टा दिसला की लगेच डबल दोर, फेंडर (बोट जेट्टीवर घासू नये म्हणून लावायच्या गाद्या), बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी काढणारा) चेक. बंदरावर वादळी हवेच्या इशाऱ्याचा ३ नंबरचा बावटा लागायची वाट बघत बसू नकोस.