दहावीनंतर आयबी डिप्लोमा की गोवा बोर्ड? आधी विषय जुळतात का बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला असा कळला: मुलगी गोव्यात साखळीला दहावीत आहे, सायन्स नक्की, पण डॉक्टर व्हायचं की बाहेर शिकायला जायचं हे ठरत नाही. तुमचा कल आयबी डिप्लोमाकडे, म्हणजे इंटरनॅशनल बॅकॅलोरिएटच्या अकरावी-बारावीकडे, आहे आणि तिचे आजोबा म्हणतात, घराजवळची हायर सेकंडरी सोडू नका. आमच्याकडे थोरलीनं डिप्लोमा केला, धाकटा गोवा बोर्डातून बारावी झाला, म्हणून दोन्हीकडची धावपळ माझ्या चांगलीच ओळखीची. मत आधीच सांगून टाकते: नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, विचार थोडासुद्धा शिल्लक असेल, तर आजोबांचं ऐका.

ही गोष्ट चांगल्या-वाईटाची नाही, गणिताची आहे. डिप्लोमात सहा विषय असतात. एक भाषा साहित्यासह, दुसरी एक भाषा, इतिहास-अर्थशास्त्राच्या गटातला एक, एक विज्ञान, गणित, आणि सहावा कलेचा किंवा त्याऐवजी आधीच्या गटांतला आणखी एक. म्हणजे नेहमीच्या मांडणीत विज्ञानाचे दोनच विषय बसतात. फिजिक्स-केमिस्ट्री घेतलं की बायोलॉजी बाहेर, आणि नीटला तर तिन्ही हवेत. यावर वाट आहे. एखाद्या देशातल्या प्रवेशाच्या अटीसाठी लागत असेल, तर वेगळ्या रचनेचा डिप्लोमा मागता येतो. पण ती मागणी शाळेनं करायची असते, तीही कारण दाखवून आणि वेळेत. पालकांनी बारावीच्या उंबरठ्यावर जागं होऊन उपयोग नाही. शाळेत गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा: यापूर्वी कुणासाठी तुम्ही असं केलंय का? समोरचा माणूस गोंधळला, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

त्यात तारखा. २०२३ ते २०२५ तिन्ही वर्षी नीट मेच्या पहिल्या रविवारी झाली. डिप्लोमाच्या मे सत्राचे पेपर एप्रिलअखेरीपासून मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत चालतात. रविवारी चार पर्यायांतून एकावर खूण करायची आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या पेपरात मुद्दा मांडून, कारणं देऊन पानंच्या पानं लिहायची. हुशार मुलं हेही करतात, पण नीटची तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांभोवती फिरते आणि ती पुस्तकं हायर सेकंडरीतल्या मुलाच्या दप्तरात रोजच असतात. डिप्लोमावाल्याला ती वेगळी काढून बसावं लागतं. इंजिनिअरिंगच्या जेईईचंही साधारण तेच.

निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. तोवर आपल्याकडच्या कॉलेजांत प्रवेशाची गडबड सुरू झालेली असते. इथेच शिकायचं असेल, तर असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचं समकक्षता प्रमाणपत्र लागेल का, आणि निकालाआधी तात्पुरता प्रवेश देतात का, हे त्या त्या कॉलेजात आधी विचारून ठेवा. डिप्लोमाला बारावीची समकक्षता आहे, त्याची काळजी नको. काळजी कागद वेळेवर हातात येण्याची. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणी राज्याच्या कोट्यासाठी रहिवासाच्या अटी असतात, त्या तंत्रशिक्षण संचालनालयाच्या माहितीपुस्तकात स्वतः वाचा. ओळखीतल्यांनी काय सांगितलं त्यावर जाऊ नका.

एक आडवळणाचं, पण गोव्यात बोलायलाच हवं. घरात पोर्तुगीज पासपोर्टचं चाललं असेल, तर मुलीचं नाव त्यात घालण्याआधी थांबा. केंद्र सरकारच्या मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना, नीटमधून फक्त अनिवासी भारतीयांच्या किंवा जादा जागांवरच प्रवेश मिळतो. पोर्तुगालात शिकायचं असेल, तर तोच पासपोर्ट फायद्याचा. म्हणून दोन्ही निर्णय एकत्र बसून घ्या.

आता नीट-जेईई नको असेल, तर माझं बोलणं बदलतं. बाहेरच्या देशांत, किंवा इथल्या अशोका, फ्लेमसारख्या खासगी विद्यापीठांत जायचं असेल, तर डिप्लोमा मुलांना खरोखर तयार करतो. चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतःचा शोधनिबंध लिहावा लागतो. आमच्या थोरलीनं खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, पाण्याच्या खारेपणावर लिहिला. पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या मानशीच्या दाराशी उभं राहून भरती-ओहोटीला नमुने घ्यायची, बांधावरच्या काकांना प्रश्न विचारून हैराण करायची. नंतर विद्यापीठात पहिला प्रकल्प अंगावर आला तेव्हा ती घाबरली नाही. कला, व्यायाम आणि समाजकार्य यांचा जो भाग असतो, त्यासाठी मुंबईछाप एनजीओ शोधत फिरायला नको. तिनं गावच्या जत्रेतल्या नाटकाची प्रकाशयोजना शिकून घेतली, आणि काय शिकले ते नीट लिहून ठेवलं. शाळेनं ते आनंदानं धरलं. धाकट्यानंही त्याच नाटकात काम केलं, त्याला मात्र त्याचं श्रेय कुणी दिलं नाही बिचाऱ्याला.

एकूण गुण ४५. सहा विषयांना प्रत्येकी ७, उरलेले ३ त्या शोधनिबंधाचे आणि ज्ञानमीमांसेचे, म्हणजे 'आपल्याला जे कळतं ते कसं कळतं' या सक्तीच्या अभ्यासाचे. किमान २४ लागतात, शिवाय आणखी काही अटी असतात. तीन विषय वरच्या पातळीचे घ्यावे लागतात, आणि शाळेची खरी परीक्षा इथेच होते. माहितीपत्रकात पंधरा विषय छापलेले असतात; वरच्या पातळीचं फिजिक्स या वर्षी कोण शिकवतं, तो शिक्षक किती वर्षं टिकलाय, एखाद्या विषयाला दोनच मुलं आली तर तो चालवता की ऑनलाइनवर ढकलता, हे विचारा. गणिताचे दोन प्रकार आहेत. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्याला बरीच परदेशी विद्यापीठं विश्लेषणाचं, तेही वरच्या पातळीचं गणित मागतात. तो वर्ग त्या शाळेत खरोखर भरतो का? आमच्या ओळखीतल्या एकाला हे प्रवेशानंतर दोन महिन्यांनी कळलं.

नावात इंटरनॅशनल असल्यानं काहीच सिद्ध होत नाही. केंब्रिज बोर्ड वेगळं, आयबी वेगळं. आयबीतही लहान मुलांचा कार्यक्रम, मधल्या वर्षांचा आणि डिप्लोमा यांची मान्यता स्वतंत्र मिळते. 'उमेदवार शाळा' म्हणजे अजून मान्यता न मिळालेली. आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव टाकून डिप्लोमाची मान्यता आहे का ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

फीचं तुमचं तुम्ही बघालच, फक्त परीक्षेची फी वेगळी धरली आहे का ते लेखी घ्या. आणि साखळीहून रोज पर्वरी-पणजीकडे जाऊन-येऊन मुलगी रात्री निबंध लिहायला जागी राहील का, याचाही हिशेब करा. इथल्या शाळांची बालरथ बस तिथे येणार नाही.

तुमच्या जागी मी असते, तर आता शाळा बघत न फिरता मुलीला दिवाळीच्या सुट्टीत नीटचा एक जुना पेपर आणि डिप्लोमाच्या बायोलॉजीचा एक नमुना पेपर सोडवायला दिला असता. कुठला पेपर ती न उठता पुरा करते तेवढंच बघा, मग पुढचं इथेच विचारा.