इंग्रजीतली 'इफ'ची वाक्यं पाठ असूनही बोलताना चुकतात. ती नीट कशी समजून घ्यावीत?

तुम्ही लिहिलंय की 'इफ'च्या वाक्यांचे, म्हणजे कंडिशनलचे, झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे चारही प्रकार सूत्रांसकट पाठ आहेत, रिकाम्या जागा बरोबर भरता येतात, पण बोलायला लागलं की सेकंड आणि थर्डची गल्लत होते. मी इंग्रजी शिकवते आणि हीच अडचण वर्गात सतत पाहते. माझ्या मते पाठांतर कमी पडत नाही. सुरुवात आकड्यापासून होते, तिथे बिनसतं. बोलताना कुणाच्याच डोक्यात 'आता थर्ड कंडिशनल' असं येत नाही, डोक्यात अर्थ येतो. आणि हा अर्थ मराठीत तुम्हाला लहानपणापासून येतो.

'तो आला तर मी जाईन' हे वाक्य बघा. 'आला' हे रूप भूतकाळाचं, पण त्याचं येणं अजून व्हायचंय. तरी आपला गोंधळ होत नाही. म्हणजे रूप एका काळाचं आणि अर्थ दुसऱ्या काळाचा, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. इंग्रजी इथे वर्तमानकाळ घेते: 'इफ ही कम्स, आय विल गो.' 'इफ ही विल कम' असं म्हणायचा मोह झाला तर 'तो येईल तर मी जाईन' असं मोठ्याने म्हणून बघा. ते जसं कानाला खटकतं, तसंच हे खटकतं. ('विल' कधीकधी 'इफ'नंतर येतं, पण तेव्हा त्यात भविष्यकाळ नसून तयारी असते: 'इफ यू विल वेट अ मिनिट', म्हणजे जरा थांबायची तयारी असेल तर.)

आता खरी मेख. 'मला तिचा नंबर माहीत असता तर मी तिला फोन केला असता.' हे आत्ताबद्दल आहे की कालबद्दल? मराठीत दोन्ही चालतं, संदर्भावरून कळतं. आपला 'असता तर... असता' दोन्ही काळ पोटात घेतो. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते. आत्ता नंबर माहीत नाही म्हणून फोन करता येत नाही: 'इफ आय न्यू हर नंबर, आय वुड कॉल हर.' काल माहीत नव्हता म्हणून फोन राहिला: 'इफ आय हॅड नोन हर नंबर, आय वुड हॅव कॉल्ड हर.' मराठी माणसाचा सेकंड आणि थर्ड मिसळतो तो इथेच, कारण ज्या भाषेत आपण विचार करतो तिथे हे एकच खातं आहे. म्हणून 'असता, असती, असतं' मनात आलं की लगेच विचारायचं: आत्ताची गोष्ट की होऊन गेलेली? आत्ताची असेल तर 'इफ'च्या भागातलं क्रियापद एक पाऊल मागे ('नो'चं 'न्यू'), होऊन गेलेली असेल तर दोन पावलं ('हॅड नोन').

हे मागे जाणं म्हणजे वास्तवापासून लांब जाणं. 'इफ आय विन द प्राइझ, आय विल ट्रॅव्हल' म्हणणाऱ्याला बक्षिसाची आशा आहे. 'इफ आय वन द प्राइझ, आय वुड ट्रॅव्हल' म्हणणारा कल्पना करतोय. बक्षीस तेच, निकाल दोघांसाठीही पुढेच लागायचाय. 'वन' हे रूप काळ सांगत नाही, बोलणाऱ्याचा अंदाज सांगतं. मला इंग्रजीतली ही सगळ्यात सुंदर जागा वाटते, आणि नेमकी तीच सूत्रांच्या तक्त्यात हरवते.

प्रश्न वाक्याच्या दोन्ही भागांना वेगवेगळा विचारायचा. 'मी तेव्हा मेडिकलला गेले असते तर आज डॉक्टर असते.' पहिला भाग तेव्हाचा, दुसरा आजचा: 'इफ आय हॅड स्टडीड मेडिसिन, आय वुड बी अ डॉक्टर नाउ.' पुस्तकं याला मिक्स्ड म्हणतात आणि मुलं घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

झीरो कंडिशनलवर वेळ घालवू नका. नेहमी घडणारी गोष्ट, दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ: 'इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.' 'इफ आय वेअर यू' मधलं 'वेअर' तसंच लक्षात ठेवा. बोलण्यात 'वॉज'ही ऐकू येतं, पण परीक्षेत 'वेअर'च लिहा. 'अनलेस'मध्ये नकार आधीच आहे, त्याच्यापुढे 'डोन्ट' जोडलं की अर्थ उलटतो.

एक छोटी पण त्रास देणारी गोष्ट. मराठीत 'जर' गाळता येतं, 'तर' सहसा गाळत नाहीत: 'पाऊस आला तर थांबू.' इंग्रजीत उलट. 'इफ' शक्यतो राहतं आणि 'देन' बहुतेकदा नसतं. प्रत्येक वाक्यात 'देन' घालायची सवय आपल्या 'तर'मधून येते, ती सोडा.

आणि कानाचा एक घोळ. 'इफ आयड नोन, आयड हॅव कम' यात पहिला 'ड' हा 'हॅड'चा, दुसरा 'वुड'चा. ऐकताना दोन्ही सारखेच, म्हणून पुष्कळजण 'इफ आय वुड हॅव नोन' असं लिहून बसतात. प्रमाण लेखनात 'इफ'च्या भागात असं 'वुड हॅव' नको.

सरावासाठी रोज रात्री दिवसभरातल्या तीन गोष्टी मराठीत 'असतं तर' लावून म्हणा, प्रत्येक भागाला 'आत्ता की तेव्हा' विचारा आणि मगच इंग्रजीत वळवा. सुरुवातीला फार सावकाश होईल, होऊ द्या. अडलेली वाक्यं इथे खाली लिहिलीत तर मी नक्की बघेन.