मास्कच्या चाचण्यांत नेमके काय मोजले गेले?

प्रश्न : मास्कमुळे कोरोनाचा संसर्ग टळतो का, याविषयी डेन्मार्कमध्ये झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही आणि बांगलादेशातील चाचणीत मात्र दिसला, असे वाचनात आले. वस्तू एकच असताना निष्कर्ष वेगळे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही चाचण्या मास्कच्या असल्या, तरी त्यांत मोजलेली गोष्ट एक नव्हती, हे आधी ध्यानात घ्यावे लागेल.

डेन्मार्कमध्ये २०२०च्या एप्रिल-मे महिन्यांत ६०२४ जणांना दोन गटांत विभागून एका गटाला घराबाहेर मास्क वापरण्याचा सल्ला आणि मास्क देण्यात आले. महिन्याभरात मास्कच्या गटात १.८ टक्के, तर दुसऱ्या गटात २.१ टक्के लोकांना संसर्ग झाल्याचे आढळले. एवढ्या थोड्या संसर्गांवरून काढलेल्या अंदाजाची व्याप्ती फार मोठी होती : संसर्गात ४६ टक्के घट होण्यापासून २३ टक्के वाढ होण्यापर्यंत काहीही त्यात बसत होते. त्यामुळे ‘फायदा नाही’ असे नव्हे, तर ‘फायदा आहे की नाही हे ठरवता आले नाही’ असेच म्हणणे योग्य होते. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत हा फरक हरवला, याचे मला आजही वाईट वाटते. शिवाय सांगितल्याप्रमाणे मास्क वापरल्याचे मास्कच्या गटातील ४६ टक्के लोकांनीच नोंदवले, म्हणजे मोजला गेला तो मास्कपेक्षा मास्क वापरण्याच्या सल्ल्याचा परिणाम. मास्क घालणाऱ्यामुळे इतरांचा बचाव होतो का, हे तर त्या चाचणीत पाहिलेच नव्हते.

बांगलादेशातील संशोधकांनी माणसांऐवजी गावेच गटांत विभागली. ६०० गावांतील सुमारे ३,४२,००० प्रौढ त्यात होते. ‘तुम्ही मास्क वापरता का?’ असे विचारले की बहुतेक जण ‘हो’ म्हणतात, म्हणून मशिदी, बाजार आणि चहाच्या टपऱ्या अशा ठिकाणी प्रत्यक्ष निरीक्षण करून नोंदी घेण्यात आल्या. मोफत वाटप आणि सततच्या आठवणीमुळे नीट मास्क घालणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले, आणि लक्षणे असून रक्ततपासणीत संसर्ग सिद्ध झालेल्यांचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी घटले. हा आकडा लहान वाटेल. परंतु निम्म्याहून अधिक लोक मास्कविना असतानाचा तो आहे.

संसर्ग कोणाला म्हणावे, हा प्रश्न याहून अवघड आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन विभागांत केलेल्या रक्तातील प्रतिपिंडांच्या पाहणीत झोपडपट्टीतील ५७ टक्के आणि इतर वस्तीतील १६ टक्के लोकांना आधीच संसर्ग होऊन गेल्याचे दिसले, आणि नोंदवलेली रुग्णसंख्या त्याच्या जवळपासही नव्हती. त्यामुळे केवळ रुग्णालयांच्या नोंदींवरून एखाद्या उपायाचा परिणाम मोजला, तर खरा हिशेब हाती लागत नाही.

बांगलादेशातील चाचणीचा कच्चा दुवाही इथेच आहे. लक्षणे सांगणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनीच रक्त देण्यास संमती दिली आणि आपल्या गावात मास्कवाटप झाले आहे हे गावकऱ्यांना ठाऊक होते, त्यामुळे लक्षणे सांगण्यात दोन्ही प्रकारच्या गावांत फरक पडलेला असू शकतो. तरीही मास्कचा वापर डोळ्यांनी पाहून नोंदवल्यामुळे या चाचणीला मी डेन्मार्कच्या चाचणीपेक्षा अधिक वजन देतो, मात्र ते ‘गावात मास्कचा प्रसार केल्याने काय होते’ या प्रश्नापुरतेच.