रिफिल बदलून तेच पेन

“मॅडम, पेनामुळे मार्क मिळत नाहीत हे कळतं हो मला. पण ते घरी राहिलं की हात कापतात. माझ्या डोक्यात काही बिघडलंय का?”

समुपदेशनाला आलेल्या परीक्षार्थी मुलीने समोर पेन ठेवलेलं. साधंच, टोपणावर दातांच्या खुणा. तीन वर्षांपूर्वी एक अवघड पेपर तिने या पेनाने लिहिला, ती पास झाली. तेव्हापासून रिफिल बदलून तेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

हा प्रश्न मला बरेचदा ऐकू येतो आणि विचारणारा शिकलेला असला की लाजही जास्त असते. तिला मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या १९४८ मधल्या प्रयोगातली कबुतरं सांगितली. ती काहीही करोत, ठरावीक वेळाने खाणं समोर यायचं. तरी आठपैकी सहांना चमत्कारिक सवयी जडल्या. एक गोल गोल फिरायचं, एक कोपऱ्यात डोकं खुपसायचं. खाणं आलं तेव्हा जे चाललं होतं तेच पक्कं झालं, असा स्किनर यांनी अर्थ लावला. पुढे त्यावर वाद झाले, ते मी तिच्यापुढे काढले नाहीत.

“म्हणजे मी कबूतर?” ती हसली.

पण हिला पेनातून मिळत होती ती सुटका. मुठीत आलं की धडधड थांबायची, आणि दर सुटकेसरशी सवय घट्ट व्हायची. पेन कधी सोडलंच नाही, त्यामुळे सोडल्यावर काय होतं हे कळणार कसं? (असे विधी दिवसाचा तासभर खाऊ लागले, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं.)

सराव परीक्षा दुसऱ्या पेनाने द्यायची, आधी भीतीला शंभरपैकी आकडा द्यायचा, असं ठरलं. पहिलीच परीक्षा बिघडली. “बघा! म्हटलं नव्हतं?” खरं सांगते, माझ्याही पोटात गोळा आला. मग जुने निकाल आणायला सांगितले. त्याच पेनाने लिहिलेल्या दोन पेपरांत ती नापास होती.

“ते पेपरच कठीण होते.”

“आणि परवाचा?”

ती बराच वेळ निकालाच्या कागदाशी चाळा करत राहिली.

चौथ्या परीक्षेपर्यंत आकडा ८५ वरून ४० वर आला. पेन टाकून दे, असं मी म्हटलं नाही. परवा फॉर्मवर सही करायला तिने तेच काढलं. उमटेना. रिफिल कधी संपली, तिला पत्ताच नव्हता.