इन्सुलिन 18 युनिटवरून 5 वर आलं, आता बंद करू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा सात वर्षांचा, वजन 22 किलो, टाइप 1 मधुमेहाचं निदान होऊन तीन महिने झाले. इन्सुलिन दिवसाला 18 युनिटवरून 5 वर आलं, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) 6.6 आहे, आणि घरचे म्हणतात काढ्यानंच गुण आला, आता सुया थांबवा.

थांबवू नका. 5 चे 4 करायचे असतील तर ते डॉक्टर करतील. शून्य कोणीच करायचं नाही.

मी डॉक्टर नाही. मुलीच्या टाइप 1 मुळे हे सगळं शिकावं लागलेली नागपूरचीच एक आई आहे. तुमच्या मुलाचा सध्या हनिमून पीरियड, म्हणजे आजाराला तात्पुरता उतार पडल्याचा काळ, चाललेला दिसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारत सुटते, तो हा आजार. पण निदान होतं तेव्हा सगळ्या पेशी मेलेल्या नसतात. बऱ्याच जणी वाढलेल्या शुगरनं थकून गप्प झालेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं की शुगर उतरते, त्यांना उसंत मिळते आणि त्या पुन्हा कामाला लागतात. हल्ला मात्र आत सुरूच असतो.

डॉक्टर याचा एक हिशोब करतात. दर किलोमागे रोजचं इन्सुलिन काढायचं, त्याला 4 ने गुणायचं आणि एचबीए1सीमध्ये मिळवायचं. उत्तर 9 किंवा त्याखाली आलं तर अंशतः उतार धरतात. तुमच्या मुलाचं साधारण 7.5 येतं. म्हणजे उतार चांगला आहे, आनंद जरूर माना.

आता काढ्याबद्दल. हा उतार बहुधा पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत येतो, आणि घरोघरी काढा, चूर्ण, कुठला तरी बाबा हेही नेमके तेव्हाच सुरू होतात. श्रेय आयतं मिळतं. आमच्याकडेही एक मावशी यायच्या, "काऊन रोज टोचता बाप्पा लेकराले?" काढा न घेणाऱ्या मुलांतही हा उतार दिसतो, हे त्यांना कोण सांगणार? आमच्या मुलीला तो जेमतेमच मिळाला. ती लहान होती आणि निदानाच्या वेळी डीकेएत (इन्सुलिन फार कमी पडून रक्तात आम्ल साचण्याच्या धोकादायक अवस्थेत) गेली होती. अशा मुलांत तो कमी दिसतो.

खरी काळजी सध्या शुगर लो होण्याची. पेशी कधी किती इन्सुलिन सोडतील याचा नेम नसतो, त्यात बाहेरचा डोस. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरगं दुपारभर घरोघर फिरलं की शुगर उतरणारच. 70 च्या खाली गेली तर लगेच दोन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. शाळेतल्या बाईंनाही हे सांगून ठेवा. डोस इतका लहान असताना एक युनिटही फार होतं, म्हणून अर्ध्या-अर्ध्या युनिटनं डोस देणारा इन्सुलिनचा पेन मिळेल का ते डॉक्टरांना विचारा.

आपल्या मे महिन्यात आणखी एक भानगड. अंग तापलेलं असलं की इन्सुलिन लवकर भिनतं, आणि उन्हात राहिलेलं इन्सुलिन खराबही होतं. न उघडलेलं फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. गावाकडे लाइट जाते तिथे मातीच्या मडक्यात, पण कोरड्या डब्यात.

हा काळ काही महिने टिकतो, कोणाचा वर्षभर किंवा त्याहून जास्त. मग जेवण तेच, डोस तोच, तरी सकाळची शुगर चढू लागते. कधी ताप-सर्दीनंतर एकदम. तेव्हा डोस हळूहळू किलोमागे 0.7 ते 1 युनिटपर्यंत जातो, वयात येताना त्याहून वर. तुमचं काही चुकलं म्हणून नाही. आजारपणात जेवला नाही तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, लघवीतले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) पट्टीनं तपासायचे. त्या पट्ट्या आत्ताच आणून ठेवा, ऐन रात्री दुकानात मिळत नाहीत.