वर्तन आणि जनुकं: सुरुवात कुठून करावी?

मेंदूतली रसायनं सध्या बाजूला ठेवा. आधी 'हेरिटॅबिलिटी' हा एकच शब्द पक्का करा, कारण नवशिक्यांच्या निम्म्या चुका तिथेच होतात.

हेरिटॅबिलिटी ०.५० म्हणजे तुमचा निम्मा स्वभाव जनुकांतून आला, असं नाही. एका गटातल्या माणसांमाणसांत जो फरक दिसतो, त्यातला निम्मा जनुकांच्या फरकाशी जोडता येतो, एवढंच. हाताला पाच बोटं जनुकांमुळेच येतात. पण लक्ष्मी रोडच्या गर्दीत कुणाला चार दिसली, तर कारण बहुधा अपघात. म्हणून बोटांच्या संख्येची हेरिटॅबिलिटी जवळपास शून्य! हे पचेपर्यंत पुढे जाऊ नका.

मग जुळ्यांचं गणित वहीत हातानं करा. समजा, एकसारख्या जुळ्यांत (जनुकं जवळपास सगळी सारखी) सहसंबंध, म्हणजे जोडीतलं साम्य, ०.७०; भिन्न जुळ्यांत (माणसामाणसांत बदलणारी जनुकं सरासरी निम्मीच सारखी, म्हणून पुढे दुप्पट) ०.४५. फरक ०.२५, त्याची दुप्पट ०.५०, ही हेरिटॅबिलिटी. ०.७० मधून ती वजा केली की ०.२० सामाईक घराचे. उरलेल्या ०.३० मध्ये वेगळे अनुभव आणि मोजमापातल्या चुका.

दोन चुका हमखास होतात:

- 'रागाचं जनुक' शोधणं. स्वभावामागे असंख्य जनुकं असतात, एकेकाचा वाटा अगदी बारीक.
- आनुवंशिक म्हणजे न बदलणारं, असं धरणं. फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार एकाच जनुकातल्या दोषानं होतो, तरी जन्मानंतर लगेच फेनिलॲलनिन (प्रथिनांतला एक घटक, जो या आजारात शरीराला नीट पचवता येत नाही) कमी असलेला आहार सुरू केला तर मेंदूची गंभीर हानी टळते.

एपिजेनेटिक्सचे (जनुकं न बदलता त्यांचं काम कमी-जास्त कसं होतं, याचा अभ्यास) व्हिडिओ इतक्यात नकोत. गणित अडलं तर आकड्यांसकट विचारा, बिनधास्त.